बोअरच्या पाण्याचा कॅन

आबा, तुमचा तो पिवळा कॅन अजून आहे. त्यानेच मला वाचवलं.

फवारणीचा पंप घ्यायला आपण सांगलीला गेलो होतो, तो दिवस आठवतो. तुमच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने भरलेला कॅन. तो दुकानदारापुढे ठेवून तुम्ही म्हणता, "आमच्या पाण्यावर चालवून दावा. नोझल तुंबतंय का बघू." दुकानातली माणसं हसतात. मी कॉलेजात शिकणारी, लाजेने समोरच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभी. परतताना एसटीत तुम्ही एवढंच म्हणालात, "मशीन त्येची असती गं, पर पाणी आपलं असतंय. त्ये कुणी इचारत न्हाई."

आता नोकरी सोडून मी आष्ट्याच्या रस्त्याला गाड्या धुण्याचं सेंटर काढलंय. धंदा बुडणार हे घरातले सगळे धरूनच बसले होते. सांगलीतल्या एका विक्रेत्याने मोठा प्रेशर पंप आणि फोमची टाकी दाखवली, स्वतःची पांढरी गाडी धुऊन चकाचक करून दाखवली. मी हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात लक्षात आलं, आमचं पाणी कसलं ते यानं विचारलंच नाही! दुसऱ्या दिवशी सेंटरच्या बोअरचं पाणी भरून तुमचा कॅन घेऊन गेले. "आवं ताई, पाणी कुणी घरनं आणतं व्हय?" म्हणत त्यानेच हसत हसत स्वतःची काळी मोटरसायकल पुढे केली. तिच्या पेट्रोलच्या टाकीवर ओतलेलं पाणी उन्हात वाळलं तसे पांढरे डाग उठले, पुसून जाईनात. त्याचं हसू मावळलं. मग कॅन घेऊन इस्लामपूरला गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र झाकण उघडून पाणी आधी जिभेला लावलं. "पयलं क्षार काढायचं मशीन बसवा. पंप बारका असला तरी भागतंय." सगळं त्याच्याकडूनच घेतलं.

काल पहिली गाडी आली, एका डॉक्टरीणबाईंची, काळीकुट्ट. धुऊन उन्हात लावली आणि वाळेपर्यंत मी तिच्याभोवती घिरट्या घालत राहिले. एक डाग नाही, आबा! उपड्या बादलीवर बसले आणि कितीतरी महिन्यांनी मोकळी हसले. पाण्यातले क्षार आधी काढते हे सांगितल्यावर बाईंनी विचारलं, "पाण्याचं हे कुणी सुचवलं?" मी म्हणाले, "आमच्या आबांनी."

हे पत्र धाडायला पत्ता नाही, कॅनखालीच ठेवीन. एक सांगायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी रसवाल्याने तुमच्याकडे बोट करून मला विचारलं होतं, "त्ये कॅनवालं तुमचं कोण?" मी म्हणाले होते, "कुणी नाहीत."