साडूचं रक्त, माझं नाव

३ जून, मंगळवार
उपाशीपोटी रक्त द्या म्हणे! कोलेस्टेरॉल बघायचंय. बायकोचं फर्मान — "पन्नाशी आली, पोट बघा जरा!" पोटाला काय झालंय? सोफे शिवतो, बसून तपासतो. धंद्याचं अवजार आहे ते! रिपोर्ट वाईट आला की तळलेलं बंद, सिगारेट बंद, जगणंच बंद.

५ जून, गुरुवार
डोकं चालवलं! माझ्या नावाने साडूला पाठवलं. मेहुणीचा नवरा — शाळेत कवायत शिकवतो, अंगावर मांस औषधालाही नाही. नाही म्हणेल वाटलं होतं. लगेच तयार! "भाऊ, तुमच्यासाठी एवढंही करणार नाही का?" देवमाणूस.

६ जून
साडूचे सारखे फोन. "रिपोर्ट आला का?" अरे बाबा, माझ्यापेक्षा तुलाच घाई!

७ जून, शनिवार
आला. वाईट कोलेस्टेरॉल आभाळाला भिडलेलं! बायको रडली, मग तिने फ्रीज रिकामा केला. ताटात उकडलेला कोबी, बिनमिठाचा. दुसऱ्याच्या रक्तापायी! करायला गेलो एक नि झालं भलतंच. मनातल्या मनात हसत होतो — आणि एकदम ताट बाजूला सारलं. अरे, हे साडूचं रक्त!

लगेच फोन केला. तो म्हणाला, "लॅबवाल्यांचा घोळ असेल."

९ जून, सोमवार
शाळेत गेलो. मुलांना पळायला लावून हा खांबाला टेकलेला, छाती चोळत. "पित्त झालंय."
"दवाखान्यात चल."
"मग वहिनींना सांगू का, रक्त कोणाचं होतं ते?"
मलाच धमकी! आणि मी घाबरून परत आलो. बायकोला घाबरून! लाज वाटते.

१० जून, मंगळवार
सांगून टाकलं. दोघी बहिणींना एकदम. काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी साडूला दोन्हीकडून धरून नेलं. हृदयाच्या मोठ्या शिरेतच अडथळा! "बारीक माणसालाही होतं," डॉक्टर म्हणाले. "वेळेत आणलंत." उद्या स्टेंट. बायकोने तिथेच माझंही रक्त काढायला लावलं — दंड स्वतः धरून.

१२ जून
साडू ठीक आहे. बायका चहाला गेल्या तशी त्याने माझा हात धरला. "भाऊ, कधीपासून दुखतंय. वडील चाळिशीतच गेले याने. स्वतःच्या नावावर तपासायची हिंमत होत नव्हती. तुमच्या नावावर झाली."