आवतन दिल्याशिवाय

प्रिय राजेश्री,

तुझ्या कंपनीची माणसं रविवारी सेलूला येऊन गेली. अठरा जण, सगळ्यांच्या अंगात सारखेच पिवळे टी-शर्ट. लग्नातलं उरलेलं अन्न वस्त्यांवर नेणाऱ्या आमच्या मंडळाला एक दिवस हातभार लावायचा, असा तुमच्या हापिसाचा उपक्रम. माणसं चांगली होती, खरंच. हातमोजे घालून वरण ढवळत होती. ढवळायची गरज नव्हती, पण फोटोत बरं दिसतं.

जेवण कापसाच्या जिनिंगमागच्या मजुरांच्या वस्तीवर न्यायचं होतं. मी म्हणालो, थांबा, आधी घरोघर जाऊन जेवायचं आवतन देऊन येतो. त्यांच्यातला एक जण घड्याळ बघून म्हणाला, "काका, वेळ जाईल. अन्न बघून येतील की लोक." मी बाजूला सरलो. आपल्या गावात शिकायला आलेल्या माणसाला आधी चुकू द्यावं. त्यांनी टेबलं मांडली, रांगेसाठी दोरी बांधली. अर्धा तास झाला तरी एक माणूस उठेना. सगळे दारात बसून टी-शर्टांकडे बघत राहिले. भात निवायला लागला.

टी-शर्टवाल्यांतली सविता, तुझ्या शेजारच्या टेबलाची म्हणे, रुख्मिणीबाईपाशी गेली. म्हातारी जिनिंगमध्ये कापूस निवडते, तोंडाची फटकळ. सविताने विचारलं, "मावशी, भूक नाही का?" म्हातारी म्हणाली, "भूक लय हाय. पर बोलावलं कुणी? कुत्र्यावानी वासावर यावं व्हय आमी?"

मग सविताला घेऊन मीच दारोदार सांगत फिरलो. नवरीच्या बापानं बोलावलंय, घरच्या समद्यांनी यायचं. हा शब्द मी लग्नघरातून मागून आणतो, पदरचा बोलत नाही. दहा मिनिटांत पंगत बसली. सविता जपून जपून वाढत होती, तर रुख्मिणीबाई ओरडली, "हात सैल सोड की गं पोरी, तुझ्या बापाचं काय जायलंय?" पंगत हसली, सविताही हसली.

परतताना पातेली टेम्पोत चढवत होतो. माझे कान तिखट, तुला ठाऊक आहे. कुठल्या पंगतीत मीठ कमी पडलं ते मला चुलीपाशी कळतं. सविता कुणाला तरी सांगत होती, "राजेश्रीचं गाव हेच. ती यायची होती, पण वडील आजारी पडले तिचे. मोठे बागायतदार आहेत, साठ एकर." त्या वेळी पंचवीस किलोचं पातेलं माझ्या खांद्यावर होतं. मी ते नीट ठेवलं आणि पोरांना चहा सांगितला. त्यांच्यासाठी मी नुसता नागनाथकाका होतो, तसाच राहिलो.

रागावलो असं समजू नकोस. तू सातवीत होतीस, तेव्हा शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढं 'शेती' लिहिलं होतंस. मी तेव्हा दुसऱ्या आचाऱ्यांच्या हाताखाली भांडी घासायचो. आपली जमीन म्हणजे दारातली तुळशीची कुंडी. मी ते वाचलं आणि खाली सही केली. तेव्हा साठ एकरांतले तीस माझेही आहेत.

येत्या रविवारी ते परत येणार आहेत, मानवतला. तुझी आई म्हणाली, फोन करून विचारा पोरीला. पण दोन दिवस माझ्या डोक्यात रुख्मिणीबाईच घोळतेय. चार वर्षांत तुझ्या हापिसातलं कुणी आपल्या घरी आलं नाही, हे मी मनात धरून होतो. पण मी तरी तुला माझ्या कामावर कधी बोलावलं? लहानपणी तू मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी यायचीस, तर मी दुरूनच हाकलायचो, "घरी जा, धूर हाय इथं." धूर होताच, पण लोक बघतील याचीही लाज होती. अख्ख्या वस्तीला आवतन देत फिरणारा मी, लेकीला द्यायचं राहूनच गेलं. आणि आवतन फोनवर देऊ नये, म्हणून हे पत्र. रविवारी, साडेबाराचं लग्न लागल्यावर, मानवतला यायचं. चारचौघांत मला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. काका म्हणालीस तरी ताट वाढीन. पण यायचं.

माझी तब्येत बरी आहे.

तुझाच,
नागनाथ आचारी