पालथी करवंटी

कराची बंदर,
फाल्गुन, सन १९३६

प्रिय फुला,

हे पत्र ठमाआत्याच्या नावावर टाकतोय. तिला वाचता येत नाही, म्हणजे ती ते तुझ्याकडेच आणणार. माझं अक्षर तुला माहीत आहेच, तिसरीतून पळालेल्याचं. हसू नकोस, वाच.

परवा आपला सोमा इथे गोदीत कामाला आला. मी पहिलं विचारलं, आपल्या गावच्या गंगेला पाणी किती? तो म्हणाला, कसलं पाणी, पुन्हा त्या दुष्काळाच्या सालासारखंच. पात्रात नुसती वाळू, कुंडात हिरवं शेवाळ, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात, यात्रेकरू लोट्याने अंगावर पाणी घेतात. ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू, मला बरंच वाटलं.

इथे डोळ्यापुढे सगळा समुद्र आहे, पण त्याच्याकडे बघत बसावंसं वाटत नाही. मला त्या दुष्काळातला आपला पुलाखालचा झिरा आठवतो. वाळूत हातभर खड्डा, तळाला वाटीभर पाणी. ते उपसलं की पुन्हा पाझरेपर्यंत बसून राहायचं. मला कुठला दम! मी अर्ध्यातच करवंटी घालायचो, पाणी गढूळ व्हायचं, आणि तू हातावर चापट मारायचीस, थांब रे, येतंय ना ते आपणहून. घागर भरेस्तोवर ऊन डोक्यावर यायचं. शेजारच्या झिऱ्यावरून नवसाबाई ओरडायची, गंगा आटली, पण ह्या दोघांच्या गप्पा काही आटत नाहीत! तू पदर तोंडात धरून हसायचीस. घरी आई विचारायची, एवढा वेळ? मी म्हणायचो, पाझर कमी झालाय. फुला, पाझर चांगला होता.

निघताना तू काठी रोवून तिच्यावर करवंटी पालथी ठेवायचीस. पालथी असली की झिरा धरलेला, धनी परत येणार, कोणी हात लावायचा नाही. काढून घेतली की झिरा सोडला, कोणीही भरावं. एवढ्या टंचाईत हा रिवाज कोणी मोडला नाही.

मग पाऊस झाला, गंगा दोन्ही काठ भरून आली, लोकांनी नारळ वाहिले. झिरे वाहून गेले. तुझी घागर तुमच्या घाटावर, माझी आमच्या. बोलायला निमित्तच उरलं नाही. माझे पाय तसेही एका जागी ठरत नव्हते. मनमाड झालं, मुंबई झाली, आता हे.

सोमाने आणखी एक सांगितलं. नामपूरच्या कांद्याच्या व्यापाऱ्याकडचे लोक तुला बघून गेले. पसंती आली, पण तू हो-नाही काहीच बोलत नाहीस म्हणून तुझे बापू अडलेत. आणि सकाळी तू पुलाखाली त्याच जागी झिरा उकरतेस. मी विचारलं, जाताना काठीवर करवंटी ठेवते का? तर म्हणतो, असलं कोण बघतं, येड्या! याला आता काय करावं?

म्हणून लिहायला बसलो. रामनवमीच्या आत मी येतोय. टांगा पुलावर थांबवीन आणि खाली बघीन. करवंटी पालथी असली तर सरळ बापूंकडे येऊन तुला मागणी घालीन. काढलेली असली तर टांगा तिथूनच स्टेशनाकडे वळवीन, तुला काही विचारणार नाही. आणि मी पोचेन तेव्हा तू अजून झिऱ्यावरच बसलेली असलीस, घागर अर्धीच असली, तर वरून हाक मारणार नाही. तू भरून निघेपर्यंत पुलावर थांबेन. या वेळी अर्ध्यात हात घालणार नाही.

करवंटी दिसेपर्यंत तरी तुझाच,
धोंडीराम