छत्री ओली कशी होती

सर, तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर बारा वर्षं माझ्याकडे तसंच पडून आहे. तेव्हा दिलं नाही. आता देऊन काय होणार म्हणा, वरातीमागून घोडं. पण आज बालाघाटला सकाळपासून झड लागली आहे, वर्गात कोणी आलं नाही, आणि मी कॉलेजात तुमच्याच खुर्चीवर बसलो आहे.

विद्यापीठानं तुम्हाला खेड्यांच्या पाहणीचं काम दिलं होतं. मालगुजारांची जमीनदारी गेल्यावर गावोगावचे तलाव कोण सांभाळतं, ते फुटले की शेतीचं आणि माणसांचं काय होतं, हे गावात जाऊन लिहून आणायचं. तुमचा नियम एकच होता. "उन्हाळ्यात पाह्यलं ते अर्धंच गाव. पावसात जाय, चिखलात जाय, मंग लिह्य." आम्हा विद्यार्थ्यांत तुम्ही गावं वाटलीत, किरनापूरकडचं एक गाव माझ्या वाट्याला आलं. मे महिन्यात गेलो तर तलाव कोरडा ठाक, पोटात डांगरांचे वेल. शिंगाडे लावणारी, मासे धरणाऱ्या ढीमरांतली एक म्हातारी मला पाळीवर, तलावाच्या बांधावर, घेऊन गेली. पाळ मागे फुटली होती आणि गावानं त्याच उन्हाळ्यात डोक्यावर माती वाहून ती बुजवली होती. नवी माती अजून वेगळी दिसत होती. "बाबू, पान्यात येजो," ती म्हणाली, "भरलेला पाह्यजो. आन् दिवाळीले शिंगाडे खायले येजो." मी हौ म्हटलं.

श्रावणात चार दिवस गावात राहायला म्हणून तुम्ही मला तुमची छत्री दिली. घरात तेवढी एकच. बाई, तुमच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "आन् तुमी?" तुम्ही हसून म्हणालात, "मी का मिठाचा आहो?" ते चार दिवस तुम्ही कॉलेजला भिजत आलात, हे मला मागाहून कळलं. मी मात्र गावाला गेलोच नाही. कारण विचाराल तर आळस, दुसरं काही नाही. वारासिवनीला मित्राच्या घरी उतरलो, भजे खाल्ले, पत्ते कुटले आणि तिथंच पावसाळ्याचे फारम भरून टाकले. तलाव बाराही महिने कोरडा, पाळ निकामी, जमीन पडीत. परत आलो तेव्हा बालाघाटला उघाड होती. "गेलता नं?" तुम्ही विचारलंत. "हौ सर, तिकडं सकाळपासून झड आहे." तुम्ही ओली छत्री ओसरीत उघडून वाळत ठेवली. फारम वाचून म्हणालात, "पानी टिकलंच नाई म्हन्तेस?" आणि सही केलीत.

अहवाल छापला गेला आणि कचेरीत कोणीतरी तो खराच वाचला. जमीन पडीत आहे तर वाटून टाका, असं ठरलं. पाळ कापली, तलावाच्या पोटात पट्टे पाडले. पुढच्या पावसाळ्यात गावाची चिठ्ठी आली तेव्हा तुम्ही मला सोबत घेऊन निघालात. कापलेल्या पाळीतून पाणी नुसतं धावत होतं, आणि खालच्या बांध्यांत भाताचं रोवणं अर्ध्यावर थांबलं होतं. ढीमरांची निम्मी घरं भरवेलीला खाणीवर गेली होती. म्हातारी होती. तिनं मला ओळखलं. रागावली नाही, तेच वाईट. "या बाबूले म्हटलं होतं मी, पान्यात ये. आला नाई." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चपलेचा चिखल काढत बसलो. मग तुम्ही तिला म्हणालात, "चूक माही आहे, माय. कागदावर सही माही आहे."

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. बालाघाटच्या स्टँडवर उतरताना एकदाच विचारलंत, "मंग छत्री ओली कशी होती रे?" मी पिशवी शोधण्याचं नाटक केलं. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही. पाळ बांधून द्या म्हणून कचेरीला पत्रांवर पत्रं लिहिलीत. एकाच पत्राला उत्तर आलं, पट्टे वाटून झाले आहेत, आता काही होणार नाही. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मी खांदा दिला. लोक म्हणाले, सरांचा लाडका विद्यार्थी.

पुढं तुमची जागा मला मिळाली. दरवर्षी तुमचाच नियम फळ्यावर लिहितो आणि पोरं उतरवून घेतात. गेल्या आठवड्यात एकानं पावसाळ्याचे फारम भरून आणून दिले. कोरे करकरीत, एका कागदावर चिखलाचा ठिपका नाही. मला कळलं. मी सही केली. सर, मी तुमच्याकडून काहीच शिकलो नाही. त्या गावी परवा जाऊन आलो. म्हातारी गेली. तलाव कुठं होता हे एका पोराला विचारलं तर तो म्हणाला, "कौनसा तालाब?"

हे पाठवू कुठं? बाई आहेत अजून. त्यांच्या ओसरीत खुंटीला ती छत्री टांगलेली रोज जाता-येता दिसते. त्यांना तरी सांगावं, तर पाय आत वळत नाही. कागद घडी घालून टेबलाच्या खणात ठेवतो आहे. छत्री मी कॉलेजमागच्या विहिरीवर ओली केली होती, सर. दोन बादल्या पाणी लागलं.