जिऱ्याच्या पुडीतले आयर्लंडअप्पा

“तू आम्हाला मेलीस” असे वडिलांनी म्हटल्यानंतरही जी मुलगी दोन वेळा जेवते आणि हसते, तिच्या मृत्यूची तारीख कोणती धरावी? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. ओळखीच्या एका वकिलांना विचारले, तर तेही बराच वेळ चष्मा पुसत बसले. सबब मृत्यूच्या तारखेची जागा मोकळी सोडून बाकीचा मजकूर लिहिते.

मी, कुमारी भागीरथी चन्नबसप्पा मिटकरी, बी. ए., वय बावीस, जात वीरशैव लिंगायत, मूळ राहणार जिंतूर, जिल्हा परभणी, इलाखा निजाम सरकार, लिहून ठेवते की माझी अक्कल ठिकाणावर आहे. (घरात याविषयी दुमत आहे.) मला ताप नाही, आणि माझा हात धरून कुणी हे लिहवून घेत नाही. याआधी मी कधी मेले नसल्यामुळे हे माझे पहिलेच मृत्युपत्र आहे.

कलम १. जिंतूरचे घर, पेठेतले किराणा दुकान आणि येलदरीचे शेत यांत मुलगी म्हणून मला हिस्सा नाही. त्यामुळे त्याविषयी भांडणही नाही.

कलम २. माझी खरी मिळकत म्हणजे आयर्लंड देशातील एका थोर कवीच्या कवितांचे पुस्तक. हैदराबादेस जनाना कॉलेजात आमचे सगळे विषय उर्दूतून असत, इंग्रजी तेवढे इंग्रजीतून. त्या तासाला बाईंनी या कवीची एक कविता वाचली. तीत त्याच्या गावाचे नाव होते, गावच्या ओढ्याचे होते, आणि हे गाव कुठे आहे हे त्याने कुणालाही समजावून सांगितले नव्हते. मी चकित झाले. तोवर मला वाटे की कवितेत यायचे तर गाव निदान काशीएवढे तरी पाहिजे. त्या संध्याकाळी वसतिगृहात मी कागदावर नुसते ‘जिंतूर’ लिहून बराच वेळ बघत बसले होते. पुढे सुलतान बाजारात जुन्या पुस्तकांत हे पुस्तक मिळाले. आत कवीचे चित्र आहे.

घरी आल्यावर गंगम्मा आत्याने ते चित्र पाहिले. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी नवरा गेल्यापासून ती आमच्याकडे आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत रद्दीच्या पुड्या बांधते.

“गळ्यात इष्टलिंग बांधलंय का ह्यांनी?” तिने विचारले.

“नाही आत्या, ते ख्रिस्ती मुलखातले.”

“आसू दे. तोंड लय उपाशी दिसायलंय. भस्म लावल्यानं काय बिघडत न्हाई.” आणि तिने कवीच्या कपाळी तीन बोटे ओढली. ती अजून आहेत. त्यांचे नाव तिच्या जिभेवर बसेना, तेव्हा तिने त्यांना ‘आयर्लंडअप्पा’ केले. तेच नाव पुढे पेठेत रूढ झाल्यामुळे मी इथे दुसरे लिहीत नाही.

हे पुस्तक भस्मासह जिंतूरच्या पहिल्या वाचनालयास द्यावे. ते अजून निघालेले नाही, तरी निघाल्यावर द्यावे.

कलम ३. माझा थोरला भाऊ ईश्वरअप्पा ऊर्फ ईश्वरअण्णा याने माझी या कवितांच्या भाषांतराची वही रद्दीत घालून तिच्या पुड्या करविल्या, याबद्दल त्याला मी माझ्या मालकीचे काहीही, अगदी मोडका टाक देखील, देत नाही.

(हे कलम गंगम्मा आत्याला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “त्याला कशाला बोल लावतीस? वही म्याच टाकली व्हती. तू एकलीच वाचून रडायचीस. म्हटलं दुसऱ्यांना बी रडू दे.” सबब वरील कलम रद्द. ईश्वरअण्णास टाक द्यावा.)

कलम ४. आमचे गिऱ्हाईक, चारठाण्याचा आश्रुबा, यास एक पत्र देते. ते अजून आलेले नाही. त्याचा खुलासा असा.

माझ्या वहीचे पहिले पान जिरे घेऊन आश्रुबाच्या घरी गेले. त्याला अक्षर येत नाही. त्याने ते पटवाऱ्याकडून वाचून घेतले आणि पुढच्या बाजारी दुकानात आला.

“अप्पा, जिरं चांगलं हाय. पर म्हातारीनं तांब्या पुढं केला अन् कागद सरला. त्यानं पाय धुतले का न्हाई?”

“कुणी?” वडील म्हणाले.

“जमीनदारानं.”

“कोणत्या?”

“आता मला काय ठावं? तुमच्याच पुडीतला हाय.”

ईश्वरअण्णा व्यवहारी माणूस. तो म्हणाला, “छटाकभर आणखी घे, मंग कळंल.”

अशा रीतीने आयर्लंडअप्पांना जिंतूर तालुक्यात वाचक मिळाले. बायका जिरे निवडायच्या आधी पुडी उलगडून बघत. एकीने हिंग परत आणला, कारण पुडीवर उर्दू अखबार होता. तिने “आयर्लंडअप्पावाला हिंग” मागितला. इतके दिवस कवितेला “रिकामं काम” म्हणणारे वडील संध्याकाळी खाकरून म्हणू लागले, “भागू, चार पानं लिहून ठेव. उद्या बाजार हाय.”

पण मूळ कविता तांब्यापाशीच थांबते. जमीन सोडा म्हणून सांगायला आलेल्या जमीनदाराला म्हातारी दारात अडवते, आणि पुढे काय झाले ते कवी सांगत नाही. खरे तर मुळात तांब्याही नाही. ती त्याला चिखलाचे बूट काढायला सांगते, पाय मी धुवायला लावले. आश्रुबाला सांगितल्याशिवाय मला राहवेना, म्हणून मी त्याच्यासाठी शेवट लिहिला की जमीनदाराने मुकाट्याने पाय धुतले. हा माझा पहिला अपराध.

दुसरा त्याहून मोठा. आश्रुबा ज्यांची जमीन बटाईने करतो ते दिनकरराव देशमुख एके दिवशी दुकानात आले. “हा आयर्लंडअप्पा आमच्या गावांपैकी कुठं राहतो का?”

“न्हाई सरकार, समुद्रापलीकडं.”

“मग हरकत नाही,” म्हणून तेही पुडी नेऊ लागले. त्यांच्या पुडीत मी भिऊन वेगळा शेवट घातला. जमीनदार दयाळू निघाला, म्हातारीच तांब्या टाकून त्याच्या पाया पडली.

मृग लागायच्या आठवड्यात दोघे एकाच वेळी दुकानात आले. देशमुख जोड्यांसकट गादीवर टेकले. आश्रुबा हात जोडून, पण स्पष्ट म्हणाला, “सरकार, पाय धुतल्याबिगर वर बसता येत न्हाई. पुडीत लिवलंय.”

“आमच्या पुडीत तसं नाही!”

दोघांनी आपापल्या पुड्या काढल्या. देशमुखांनी दोन्ही वाचल्या आणि जिरे न घेताच निघून गेले. सारी पेठ हसली. वडिलांनी मात्र दुकानाची एक फळी लावून घेतली.

त्याच दिवशी दुपारी परभणीच्या मुलींच्या शाळेतून मला मास्तरीणबाई नेमल्याचे पत्र आले. वडिलांनी ते वाचलेही नाही. “शिकून एवढं केलंस, आता नोकरी करून काय करशील? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर तू आम्हाला मेलीस.” मी त्यांना दोष देत नाही. ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून मोठे शब्द निघतात. पण माझ्या दोन शेवटांपैकी दुसराही भीतीनेच लिहिला होता. त्यानंतर मी चार रात्री विचार करून ठरवले की आता आणखी एक भित्रे पान मला लिहायचे नाही, परभणीस जायचे.

वडिलांच्या मनःशांतीसाठी नमूद करते: तिसऱ्या दिवशी देशमुखांचा माणूस आला. दुकानाला कुलूप घालायला आला असे समजून वडील उभे राहिले. तो म्हणाला, “सरकारांनी विचारलंय, दोन्हीतला खरा शेवट कोणता?”

हा प्रश्न मी कवींनाच लिहून कळवला आहे. त्या पत्राखाली आश्रुबाचा अंगठा आहे. उत्तर आले तर ते आश्रुबाच्या मालकीचे. ते वडिलांनी फोडू नये. देशमुखांना ऐकायचे असल्यास त्यांनी आश्रुबाच्या दारी यावे. पाय धुवावेत की नाही हे त्यांनीच ठरवावे.

कलम ५. वडिलांस माझी बी. ए. ची सनद. ती दुकानात गादीच्या वर टांगावी. पुडी करू नये.

कलम ६. आत्याविषयी. तिच्या नावे काय ठेवावे असा मी विचार करीत होते. निघायच्या सकाळी ट्रंक बांधताना पाहिले, तर ती पुड्यांचा ढीग पुढे घेऊन बसली होती, एकीलाही दोरा बांधला नव्हता.

“आत्या, मी जाते.”

“जा की. मी काय धरलंय?” दोऱ्याची गुंडी बाजूला सारून म्हणाली, “तिथं बी पुड्या लागत आसतील न्हवं?”

“तिथे पाट्या लागतात. अक्षरं गिरवायला.”

“ह्या वयात?”

“माझ्या वर्गात पहिलं बाकडं रिकामं ठेवीन.”

तिने चूल सारवली, पुड्यांवर वजनाचा दगड ठेवला, आणि आपले लुगडे धुतलेले आहे की नाही ते पाहून आली.

जिवंत माणूस मृत्युपत्रात कुणाच्या नावे करता येत नाही. म्हणून आत्याला मागे ठेवण्याची तरतूद मी केली नाही. सोमवारी सकाळच्या मोटारीने तिला बरोबर घेऊन मी परभणीस आले आणि शाळेच्या पटावर दोन नावे लागली: शिकवणाऱ्यांत माझे, शिकणाऱ्यांत तिचे.

येणेप्रमाणे राजीखुशीने लिहून दिले.

मुक्काम परभणी, माहे अमरदाद, सन १३४७ फसली (जून १९३८).

सही: भागीरथी चन्नबसप्पा मिटकरी

साक्षीदार:
१. नर्मदाबाई, मुख्याध्यापिका, मुलींची शाळा. (मजकूर वाचून हसू आवरून सही केली.)
२. गंगम्मा, विद्यार्थिनी, इयत्ता पहिली. अंगठा पुढे केला होता, मागे घेतला. ‘ग’ स्वहस्ते.