सिस्टरांचा अर्ज माझ्या टेबलावर होता

नाशिक, शनिवार, सायंकाळ

‘परिचारिकेने साथ कळविण्यास तीन दिवसांचा विलंब केला’ हे आरोग्य कार्यालयाच्या नोटिशीतील विधान असत्य आहे. विलंब सुनंदा सिस्टरांचा नव्हे, माझा आहे.

नाल्याकाठच्या वस्तीत त्या घरोघर फिरल्या. नळाला गढूळ पाणी, चार घरांत जुलाब-उलट्या. त्यांचा आधीचा एक अर्ज ‘नमुन्यात नाही’ म्हणून परत आला होता. म्हणून साथ कळविणारा हा अर्ज त्यांनी माझ्याकडे, निवृत्त शिक्षकाकडे, तपासायला आणला. “काका, भाषेचं राहू द्या, आजच द्यायचाय.” मी हसलो. “अशा भाषेला साहेब भीक घालणार नाहीत,” म्हणून ठेवून घेतला. तीनदा नव्याने लिहिला. वाक्ये सुरेख झाली. वस्ती तेच पाणी पीत राहिली.

आज त्याच वस्तीतल्या हौसाबाई भाजी घेऊन आल्या. त्यांची नात सलाईनवर आहे, डोळे उघडत नाही. “लोकं म्हणे, सिस्टरनं उशीर केला. मला नाय पटत, सर. ती लय धावली हो आमच्यासाठी.” मी मेथीच्या जुडीकडे पाहत राहिलो.

परवा चौकशी आहे. सिस्टरांनी माझे नाव घेतलेले नाही. का घेतले नसावे? मी गप्प राहिलो तर त्यांची नोकरी जाईल. बोललो तर हौसाबाईंच्या नजरेला नजर कशी देऊ? आणि ती मुलगी... चौकशीत द्यावयाचा मजकूर आत्ताच लिहितो. उद्या धीर राहील याची खात्री नाही.

सोमवार : अर्ज माझ्या हाती आला.
मंगळवार : अर्ज माझ्याकडेच.
बुधवार : अर्ज माझ्याकडेच. हौसाबाईंच्या नातीला उलट्या सुरू.
गुरुवार : सिस्टरांनी अर्ज मागून नेला व तासाभरात कार्यालयात दिला.