धुण्यावर पडलेला चेंडू

इन्व्हरार्डी,
फेब्रुवारी, सोमवार संध्याकाळ

प्रिय निनियन,

नाताळात तू पाठवलेले लोकरीचे हातमोजे मिळाले. छान आहेत. ते घालून धुणं कसं धुवायचं तेवढं मात्र तू लिहिलं नाहीस. उत्तराला उशीर झाला, कारण रागाच्या भरात पत्र लिहू नये असं तुझे बाबा म्हणायचे. मी इतके दिवस थांबले. राग काही ओसरेना, उलट वाढतच चालला, तेव्हा म्हटलं, आता रागातच लिहू. तू लंडनच्या त्या बड्या क्लबात शेकोटीपाशी बसून हे वाचशील. बस. पण शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस. तुझी ती खोड मला माहीत आहे.

इथली बातमी एकच. लिंक्सवरची, त्या समुद्राकाठच्या गोल्फच्या माळावरची, ओढ्याकाठची आपली हिरवळ, जिथे मी, माझी आई आणि तिची आई धुणं वाळत घालत आलो, तिला गेल्या महिन्यात मेजर डालगेटींच्या गोल्फ क्लबाने तारेचं कुंपण घातलं. वर पाटी लावली, ‘धुणं वाळत घालण्यास सक्त मनाई’. दुसऱ्या दिवशी समोरच्या जिन्यावरच्या ग्रिझेल टॉडने आपला फ्लॅनेलचा चड्डा नेमका त्या पाटीवरच वाळत घातला आणि वर म्हणाली, “मनाई कुठे लिहिली आहे? मला तर काही दिसत नाही बाई!” सगळी गल्ली हसली. मीही हसले. पण घरी आल्यावर जीव कासावीस झाला. आपल्या गल्लीत ऊन कधी उतरतं का रे? हेरिंग मासळीच्या धुरात वाळलेली चादर कोण नेईल? ती जमीन गेली तर शोअर वाइंड गल्लीतल्या आम्हा सगळ्या बायकांनी दुसऱ्या दिवसापासून शहरातल्या वाफेच्या लॉण्ड्रीत जाऊन दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं. माझं जाऊ दे, मी म्हातारी झाले. ग्रिझेलच्या सुनेची तीन पोरं आहेत, तिने कुठे जायचं?

तुला तरी ती हिरवळ विसरता येते का? तू गोल्फ कुठे शिकलास? मेजर डालगेटींच्या क्लबात? छे! तिथे तर आपल्यासारख्यांना मागच्या दाराने कोळसा घेऊन जाण्यापुरतीच वाट. तू शिकलास माझ्या चादरींच्या मधल्या पट्ट्यात. बाबांची मोडकी काठी घेऊन फटके मारायचास, आणि चेंडू कपड्याला लागला की मी ओला पंचा पाठीत हाणायची. सगळे म्हणतात, निनियन मेल्डरमचा चेंडू सुतासारखा सरळ जातो. जाईलच! डावीकडे पाद्रीबाईंचे परकर आणि उजवीकडे डॉक्टरांचे शर्ट असले की कुणाचाही सरळ जाईल. बाबांची बोट परत आली नाही त्या वर्षी तू नऊ वर्षांचा होतास. त्यानंतर तुझ्या पायातला प्रत्येक बूट त्या हिरवळीवर वाळलेल्या कपड्यांतून आला. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. पण विसरलास तर आठवण करून द्यायला नको का?

आता मुद्द्यावर येते. गेल्या जूनमध्ये ओपन, गोल्फची ती सगळ्यांत मोठी स्पर्धा, आपल्या गावी आली. पार इंग्लंडहून लोक आले, घराघरात पाहुणे, पाव मिळेना. शेवटच्या दिवशी मेजरनी आम्हा बायकांना निरोप धाडला, आज धुणं घालू नका, शोभत नाही. आणि त्याच माणसाच्या हाती क्लबाचे पांढरे टेबलक्लॉथ पाठवले, संध्याकाळी विजेत्याची मेजवानी आहे, सातच्या आत वाळून इस्त्री होऊन यायला हवेत! मी त्याला विचारलं, “अरे, मग वाळवू कुठे? माझ्या डोक्यावर?” मी गेले आणि ते ओढ्याकाठी पसरले. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, नेहमीसारखे.

दुपारी तू सतराव्या होलवर आलास तेव्हा सगळं गाव तुझ्यामागे होतं. समुद्राकडून वारा सुटला होता. तुझा चेंडू वर गेला, वाऱ्याने ओढ्याकडे ढकलला, आणि मी डोळे मिटले. उघडले तर काय, ओढ्याच्या अलीकडे, टेबलक्लॉथच्या मधोमध! आता यात नवल काय होतं? या गावात आजवर किती चेंडू धुण्यावर पडले असतील! खेळ सुरू होतो त्या पहिल्या टी-पाशी फळीवर लिहिलेला नियम तू वाचायला शिकलास त्याच्या आधीपासून तुला पाठ होता. धुण्यावरचा चेंडू धुणंवालीने दोन्ही हातांनी कापड उचलून अलगद खाली घ्यायचा, खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने होलकडे तोंड करून खांद्यावरून मागे टाकायचा. दंड नाही, वाद नाही. खिळ्यांचे बूट कपड्यावर पडू नयेत म्हणून आपल्याच पणजीआज्यांनी घालून दिलेली रीत. क्लब जन्मालाही आला नव्हता तेव्हाची. मी कापड उचललं, चेंडू एप्रनच्या टोकाने पुसला, आणि तुझ्यापुढे हात केला.

तू घेतला नाहीस. तू मेजरकडे पाहिलंस.

ते लाल होऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “पोराचा चेंडू ओढ्यात जाऊ नये म्हणून आईने बरोब्बर जागा धरून कापड अंथरलं, वा! चांगली सोय आहे!” लंडनचे वार्ताहर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडून सांगणार होते की कापड कुणाचं आहे ते कोपऱ्यावरचं क्लबाचं चिन्ह बघा, तेवढ्यात तू बोललास. शब्द न् शब्द पाठ आहे माझ्या. “साहेब, माझ्या आईला यातलं काही कळत नाही. तिच्या वतीने मी माफी मागतो. एक फटका दंड माझ्या नावावर धरा.”

एका फटक्याने हरलास. विजेत्याची चांदीची सुरई एका इंग्लिश माणसाने नेली. आणि त्या रात्री माझ्याच इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर बसून क्लबाने तुझ्या नावाने पेले उंचावले. काय हा सज्जन! काय हा प्रामाणिकपणा! वर्तमानपत्रांत तुझा फोटो आला, लंडनहून नोकरी चालून आली. ग्रिझेल म्हणाली, “बेथिया, पोरगा देवमाणूस निघाला गं.” मी हो म्हटलं. काय सांगणार? की पोराने प्रामाणिकपणा दाखवायला आईला लबाड ठरवलं? जो दंड लागलाच नव्हता तो भरणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे रे बाबा. तो भित्रेपणा. तुला सुरई नको होती का? हवी होती. पण त्याहून जास्त तुला हवं होतं की त्या साहेबलोकांनी तुला पुढच्या दाराने आत घ्यावं. माझा ओला एप्रन, माझे फुटलेले हात, मी तिथे उभी होते याचीच तुला लाज वाटली. मी आई आहे, मला कळत नाही होय? सगळं कळतं. त्याच वेळी कळलं.

तरी मी गप्प बसले. माझ्यापुरतं असतं तर आयुष्यभर गप्प बसले असते. पोराच्या उत्कर्षाच्या आड कोण येतं? स्टेशनवर पोचवायला आले, ओटच्या पोळ्या बांधून दिल्या, तू डब्यातून हात हलवलास, मी हलवला.

पण आता बघ तुझ्या त्या सज्जनपणाचं काय झालं. कुंपण पडल्यावर आम्ही बायका फिर्याद घेऊन इथले न्यायाधीश असलेल्या शेरीफच्या कोर्टात गेलो. जुनी वहिवाट आहे, तोडता येत नाही, हे आमचं म्हणणं. पाद्रीसाहेबसुद्धा आमच्या बाजूने बोलले. क्लबाकडे उत्तर म्हणून काही म्हणजे काही नव्हतं. मग त्यांचा वकील उठला आणि म्हणाला, धुण्याचा हक्क असा कधी नव्हताच, कारण प्रत्यक्ष धुणंवालीच्या मुलाने, या गावच्या सर्वांत मोठ्या खेळाडूने, सगळ्या जगासमोर त्याबद्दल माफी मागून दंड भरला. बाकी सगळ्या गल्लीचं तोंड बंद करायला तुझा एक फटका पुरला, निनियन. बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. ग्रिझेल येताना माझ्याशी बोलली नाही. चाळीस वर्षं आम्ही एका दोरीवर धुणं घातलं, एकमेकींच्या चादरी पिळल्या.

म्हटलं, वकील काहीही बोलतो, पोराला कळलं तर धावत येईल. आज सकाळी आमच्या वकिलाने त्यांच्या साक्षीदारांची नावं वाचून दाखवली. पुढच्या मंगळवारी क्लबाच्या बाजूने पहिली साक्ष तुझी आहे. तू होकार कळवला आहेस म्हणे, प्रवासखर्चासकट. मला कळवायची तुला गरज वाटली नाही. आमच्या बाजूने उभं राहायला मात्र मंगळवारी बायकांपैकी कुणी तयार नाही, सगळ्या घाबरल्या. म्हणून मी उभी राहणार आहे. तुझं बोलून झालं की मला बोलावतील. मी लाल होणार नाही आणि रडणारही नाही, काय घडलं ते सांगेन. पण शेरीफ सगळ्यांना विचारतात तसा मलाही पहिला प्रश्न विचारतील की आत्ताच साक्ष दिलेला हा माणूस तुमचा कोण? तिथे शपथेवर खरं बोलावं लागतं. मी काय सांगू, ते मंगळवारच्या आत तूच कळव.

तुझीच,
आई